पगार आणि मीठ : दोन शब्दांची कुळकथा

१

मराठी माणसाच्या तोंडी महिन्यातून एकदा तरी हमखास येणारा शब्द म्हणजे 'पगार'. हा शब्द मूळचा आपला नव्हे, तो पोर्तुगीजांबरोबर आला, एवढे बहुतेक शिक्षकांस ठाऊक असते आणि व्याकरणाच्या तासाला 'परभाषीय शब्द' शिकविताना बटाटा, चावी, पाव यांच्या पंक्तीला तोही फळ्यावर लिहिला जातो. तेथेच त्याची हकिकत संपते. परंतु पोर्तुगीजांकडे तो कोठून आला, आणि इंग्रजीच्या तासाला ज्या 'पे' शब्दाचा अर्थ म्हणून आम्ही तो मुलांस सांगतो, तो 'पे' त्याचा चुलतभाऊच आहे, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. एकाच लॅटिन आजोबाची ही दोन नातवंडे. एक पॅरिसच्या वाटेने लंडनला गेले आणि दुसरे लिस्बनहून जहाजात बसून आमच्या किनाऱ्याला लागले.

वेतनासाठी इंग्रजीत दुसराही एक रुळलेला शब्द आहे, तो 'सॅलरी'. त्याचेही मूळ लॅटिन. त्याच्याविषयी मात्र एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते : रोमन शिपायांना म्हणे पगार मिठात मिळत असे, म्हणून मिठावरून 'सॅलरी' शब्द निघाला. ही गोष्ट गोड आहे. परंतु शिक्षकाने ती वर्गात सांगण्यापूर्वी तिला पुरावा किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

ह्या लेखात ह्या दोन्ही शब्दांची कुळकथा सांगण्याचे आम्ही योजिले आहे. तीत केवळ व्युत्पत्तीची हौस नाही. काम करणारा आणि काम करवून घेणारा यांचे नाते काय असावे, याविषयीच्या दोन निरनिराळ्या कल्पना ह्या दोन शब्दांच्या पोटात दडलेल्या आहेत, आणि त्या दोन्ही कल्पना आमच्या पेडणे महालाने गेल्या काही पिढ्यांत प्रत्यक्ष अनुभविल्या आहेत, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम 'पगार' घेऊ. लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता. शांतता प्रस्थापित करणे ह्या अर्थी त्यापासून 'पाकारे' असे क्रियापद झाले. ही शांतता प्रथम विजेत्याची होती. ज्युलियस सीझर गॉलच्या युद्धाविषयी लिहितो तेव्हा 'सर्व गॉल शांत केला' ह्या अर्थी तो हेच क्रियापद योजतो. शांत केला म्हणजे जिंकून गप्प बसविला. पुढे रोमन साम्राज्याची घडी विसकटत गेली आणि लोकांच्या बोलीतले लॅटिन निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे वळण घेऊ लागले. त्या काळात ह्या शब्दाचा संसारही बदलला. रणांगणावरून तो बाजारात उतरला. सावकार दाराशी येऊन बसला आहे. त्याचे घेणे देऊन त्याला शांत करणे, समाधान करून परत पाठविणे, हेही 'पाकारे'च झाले. देणे चुकविणे आणि भांडण मिटविणे ह्या दोन क्रिया एका शब्दात आल्या. त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आपल्या मराठीतही 'हिशेब चुकता करणे', 'तोंड मिटविणे', 'देणे फिटणे' ह्या प्रयोगांत पैसा आणि शांती ही जवळजवळच नांदतात.

ह्या 'पाकारे'चे उच्चार पुढे कसे पालटले, हे पाहणे मराठीच्या शिक्षकास विशेष उपयोगाचे आहे. कारण तेच नियम आपल्या घरात घडलेले आहेत. पोर्तुगाल-स्पेनच्या बाजूला दोन स्वरांच्या मधला 'क' मऊ होऊन 'ग' झाला. लॅटिन 'आमिकुस', म्हणजे मित्र, हा पोर्तुगीजमध्ये 'आमिगु' झाला. 'सेकुरुस', म्हणजे सुरक्षित, हा 'सेगुरु' झाला. आणि 'पाकारे' शेवटचा स्वर टाकून 'पगार' झाले. संस्कृतातील 'मकर' आपल्याकडे 'मगर' होतो, 'प्रकट'चे लोकांच्या तोंडी 'प्रगट' होते, तशीच ही गोष्ट. आमच्या शेजारचेच उदाहरण द्यावयाचे तर पेडणे महालात शापोरा नदीच्या बाजूला आगरवाडा गाव आहे. तेथे मिठागरे आहेत आणि गावाच्या नावातच 'आगर' आहे. हे 'आगर' संस्कृत 'आकर' शब्दापासून आले. आकर म्हणजे खाण, जेथे एखादी वस्तू विपुल सापडते ती जागा. 'आकर'चे 'आगर' आणि 'पाकारे'चे 'पगार' : हजारो कोसांच्या अंतरावर, एकमेकांची वार्ताही नसलेल्या लोकांच्या जिभेने एकच काम केले.

फ्रान्समध्ये ही झीज आणखी एक पाऊल पुढे गेली. तेथे 'क'चा 'ग' होऊन तो थांबला नाही, तर पार नाहीसाच झाला. 'आमिकुस'चे 'आमी' उरले. 'सेकुरुस' आक्रसून आक्रसून इंग्रजीत 'शुअर' म्हणून पोचला. आणि 'पाकारे'चे जुन्या फ्रेंचमध्ये 'पाइए' झाले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यांच्यामागून जी फ्रेंच शब्दांची रीघ इंग्रजीत लागली तीत हाही गेला आणि 'पे' झाला. आरंभीच्या इंग्रजीत त्याचा 'संतुष्ट करणे' हा अर्थही शिल्लक होता. ह्या प्रकारालाही घरचे साम्य हवे असेल तर ते कुंभारवाड्यात आहे. 'कुंभकार'चा मधला 'क' गळाला आणि 'कुंभार' राहिला. 'सुवर्णकार'चा 'सोनार' झाला. तेव्हा 'पगार' हा 'मगर'च्या जातीचा आणि 'पे' हा 'कुंभार'च्या जातीचा, असे सूत्र मुलांना सांगितले तर त्यांस लॅटिनची एक ओळही न शिकता दोन खंडांतील भाषांचा एक मोठा नियम हाती लागतो.

मूळ 'पाक्स' शब्दाच्याही मागे जावयाचे तर भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध 'घट्ट बांधणे' ह्या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी लावतात, आणि संस्कृतातील 'पाश' हाही त्याच गोतावळ्यात बसवितात. दोन पक्षांनी शब्दाने बांधून घेतले म्हणजे जी स्थिती येते ती शांतता, असा त्यांचा तर्क आहे. करार ह्या अर्थाचा इंग्रजी 'पॅक्ट' त्याच कुळातला. म्हणजे करार हे बांधणे, आणि पगार हे त्या बांधिलकीतून मोकळे होणे!

३

आता हा शब्द आमच्याकडे केव्हा आणि कोणत्या वाटेने आला? पोर्तुगीजांनी गोवा शहर १५१० साली घेतले; परंतु 'पगार' हा केवळ गोव्याच्या दारातून मराठीत शिरला, असे मानण्याचे कारण नाही. चौल त्यांच्याकडे १५२१ पासून १७४० पर्यंत होते. वसई १५३४ पासून, चिमाजी आप्पांनी १७३९ साली ती घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे होती. उत्तरेस दमण आणि दीव होतेच. एवढ्या लांब किनाऱ्यावर गलबतांवर, गोद्यांत, किल्ल्यांच्या बांधकामांवर आणि घरकामात जे हजारो हात राबले, त्यांनीच हा शब्द उचलला असला पाहिजे. म्हणूनच तो मराठीइतकाच गुजरातीतही घरचा झालेला आहे, आणि कन्नडातही तो आढळतो.

शब्द उचलणारे कोण होते, याची खूण खुद्द शब्दाच्या रूपातच राहिली आहे. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे नाम नाहीच. ते 'देणे चुकविणे' ह्या अर्थाचे क्रियापद आहे. वेतनाला तेथे 'पागा', 'सालारिउ', 'ऑर्देनादु', शिपायाच्या वेतनाला 'सोल्दु' असे निरनिराळे शब्द आहेत. कागदपत्रांवरून जर हा शब्द आला असता तर ह्यांपैकीच एखादा आला असता. परंतु आला तो क्रियापदाचा. धन्याच्या तोंडून महिन्याच्या शेवटी जे ऐकू येई ते मजुराने कानाने टिपले आणि त्याचेच नाम करून टाकले. पोर्तुगीज उच्चारात जोर शेवटच्या 'गार'वर आहे. तो जोर मराठी कानाने दीर्घ 'आ'कारात जतन केला. पुस्तकी उसनवारी आणि तोंडी उसनवारी यांतला फरक शिकविण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत मात्र 'पागा' ह्या नामापासून आलेला 'पाग' हा शब्दही वेतनाच्या अर्थी वापरला जातो.

ह्या प्रकारच्या शब्दांचा पद्धतशीर शोध ज्यांनी घेतला ते मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु हे आमच्याच भूमीतले. बार्देशातील आसगाव येथे १८५५ साली त्यांचा जन्म झाला. १८९३ साली त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश निघाला, आणि १९१३ साली आशियातील भाषांवर पोर्तुगीज शब्दसंपत्तीचा जो प्रभाव पडला त्याविषयीचा त्यांचा मोठा ग्रंथ कोइंब्रा येथे प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून निघाले. १९२२ साली दाल्गादु लिस्बनमध्ये वारले. मराठीत रुळलेले पोर्तुगीज शब्द त्यांच्या ग्रंथात चाळीत गेले म्हणजे लक्षात येते की, आपल्या स्वयंपाकघरात आणि कचेरीत लॅटिन केव्हाच येऊन बसलेले आहे. 'पाव' हा लॅटिन 'पानिस'चा वंशज. 'चावी' ही 'क्लाविस'ची. 'नाताळ' हा जन्मवाचक 'नातालिस'चा. 'पाद्री' हा 'पातेर'चा, म्हणजे आपल्या 'पितृ'चाच भाऊबंद. 'तुरुंग' आला तो लाकडाचा ओंडका ह्या अर्थाच्या 'त्रुंकुस'पासून. कैद्याचे पाय ज्यात अडकवीत तो ओंडका. आपल्याकडेही 'खोड' आणि 'खोडा' यांचे नाते तेच नाही काय?

पेडणे महालाची गोष्ट ह्या सर्वांत थोडी वेगळी आहे. तिसवाडी, बार्देश, साष्टी ह्या जुन्या काबिजादीत पोर्तुगीजांची सत्ता सोळाव्या शतकापासून होती. पेडणे मात्र सावंतवाडीकर सावंतांच्या ताब्यात होते आणि ते कायमचे पोर्तुगीजांकडे गेले १७८८ साली. त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, १७३ वर्षे, ते त्यांच्याकडे राहिले. त्यामुळे कोरगावासारख्या गावात राज्यकारभाराच्या शब्दांचे तीन थर एकमेकांवर बसलेले दिसतात. सर्वांत खाली संस्कृत-प्राकृतातून आलेले गाव, वाडा, देऊळ, शेत हे शब्द. त्यांवर सावंतांच्या मराठी दफ्तराबरोबर आलेले महाल, वसूल, फारकत असे अरबी-फारसी शब्द. आणि सर्वांत वर रेजिदोर, कोमुनिदाद हे पोर्तुगीज शब्द. रेजिदोर गेले, तो शब्द आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तेवढा उरला. पगार मात्र राज्य बदलले तरी हलला नाही. देणे चुकविण्याच्या क्रियेला आमच्या बोलीत आजही 'फारीक करप' म्हणतात. तो 'फारीक' अरबीतून आलेला, आणि त्याचाही मूळ अर्थ मोकळे होणे हाच. म्हणजे क्रिया अरबी आणि तिचे फळ लॅटिन, असा संसार आमच्या गावात बिनबोभाट चालला आहे.

४

आता 'सॅलरी'कडे वळू. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ आणि 'सालारिउम' म्हणजे ठरावीक मुदतीने दिले जाणारे वेतन किंवा भत्ता. दोहोंचा शब्दसंबंध निर्विवाद आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या स्फोटात ज्याचा अंत झाला तो थोरला प्लिनी आपल्या निसर्गवर्णनाच्या ग्रंथात मिठाचे माहात्म्य सांगताना एवढेच म्हणतो की, मानमरातब आणि लष्करी सेवा यांच्याशीही मिठाचा संबंध आहे व 'सालारिउम' हे नाव त्यावरून पडले. ह्यापलीकडे तो काही सांगत नाही. शिपायांना मिठाची पोती वाटीत असत, असे तो म्हणत नाही.

उलट रोमन शिपायाला काय मिळे, याविषयी इतर लेखकांचा पुरावा स्पष्ट आहे. सरकारी तिजोरीतून पायदळाला वेतन देण्याची पद्धत इ.स.पूर्व ४०६ मध्ये सुरू झाली, असे लिव्ही सांगतो. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार शिपायाचे रोजचे वेतन नाण्यांतच देतो : पायदळाच्या शिपायाला दोन ओबोल, शताधिपतीला त्याच्या दुप्पट, स्वाराला एक द्राख्मा. धान्याची आणि कपड्यांची किंमत त्यातून कापून घेतली जाई, असेही तो लिहितो. ह्या हिशेबात मिठाने पगार दिल्याची नोंद नाही. शिपायाच्या वेतनाचे लॅटिन नावही निराळेच होते. ते 'स्तिपेन्दिउम', त्यात 'नाणे' आणि 'तोलणे' अशा अर्थांचे दोन अंश आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना मिळणारा 'स्टायपेंड' तो हाच. पुढे चौथ्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टंटाइन बादशहाने 'सोलिदुस' नावाचे सोन्याचे नाणे पाडले, त्यावरून वेतन घेऊन लढणाऱ्याला 'सोल्जर' हे नाव मिळाले. पोर्तुगीजांचा 'सोल्दाद' तोच. एकूण रोमन शिपाई नाण्याचा मानकरी होता. मिठासाठी दिलेला पैसा, असा 'सालारिउम'चा अर्थ विद्वान लावतात, तो संभवनीय आहे. परंतु तो अनुमानाचा भाग होय. 'मिठात पगार' ही मात्र मागाहून रचलेली कथा आहे, आणि शिक्षकाने ती कथा म्हणूनच सांगावी.

साम्राज्यकाळात 'सालारिउम' अधिकाऱ्यांना आणि विद्यावंतांना मिळू लागला, हे आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. व्हेस्पेशियन बादशहाने लॅटिन व ग्रीक वक्तृत्व शिकविणाऱ्या आचार्यांना सरकारी खजिन्यातून दरसाल एक लाख सेस्टर्स देण्याची व्यवस्था केली, असे त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. ते वेतन घेणाऱ्यांत क्विंटिलियन हा नामांकित शिक्षक होता. आमच्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनाची जी श्रेणी दिली आहे तीत आचार्य हा मंत्री, पुरोहित, सेनापती यांच्या बरोबरीने ४८,००० पणांच्या वरच्या पायरीवर बसलेला आहे आणि सर्वांत खालचा सेवक ६० पणांवर. हे आचार्य राजाच्या निकट वावरणारे; खेड्यातल्या पंतोजीला कोणत्याही श्रेणीत जागा नव्हती, हे अर्थात विसरता कामा नये.

मिठात पगार दिला नाही. मग मिठावरून वेतनाला नाव पडावे हे का? ह्याचे उत्तर रोमपेक्षा आपल्या भाषेतच अधिक चांगले मिळते. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा आपला प्रयोग. 'निमकहराम' ही आपली सर्वांत जहाल शिवी. 'निमक' हा शब्द फारसी, आणि ही कल्पना त्या देशात फार जुनी आहे. बायबलाच्या जुन्या करारात एज्राच्या पुस्तकात इराणच्या बादशहाला लिहिलेले एक पत्र आहे. आपण राजवाड्याचे मीठ खाल्ले आहे, तेव्हा राजाची हानी पाहत बसणे आपल्याला शोभत नाही, असे त्यातील अधिकारी लिहितात. मीठ येथे पदार्थ नाही, नाते आहे. ज्याच्या घरचे मीठ पोटात गेले त्याच्याशी माणूस जन्माचा बांधला गेला. गंमत अशी की, आपला 'मीठ' शब्द संस्कृत 'मिष्ट'पासून, म्हणजे गोड, रुचकर ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. हिंदीत 'मीठा' गोडच राहिला. मराठीने ज्याच्यावाचून अन्नाला चव नाही त्यालाच 'मीठ' म्हटले.

५

कोरगावच्या भोवतालच्या मुलखाला मिठाचे मोल कोणी शिकवावयास नको. खाडीचे खारे पाणी मानशीतून आत घ्यावे, बांधलेल्या वाफ्यांत ते उन्हाने आटवावे आणि पावसाळ्यापूर्वी मिठाचे ढीग उचलावे, हा उद्योग येथे पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्याच्यावर एक मोठे संकट आले ते १८७८ साली. त्या वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत जो करार झाला त्याने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण आले. पुष्कळ लहान मिठागरे बंद पडली. त्याच्या भरपाईदाखल इंग्रजांनी पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये द्यावयाचे ठरले, आणि ती रक्कम मुरगाव बंदराच्या रेल्वेच्या कामी गुंतविली गेली. करार १८९२ साली संपला. ज्याचे मीठ गेले तो खाडीकाठचा माणूस, आणि ज्याला पैसे मिळाले ते सरकार! लॅटिन अर्थाने 'पाकारे' झाले खरे, पण शांत करण्यात आले ते भलत्यालाच.

तेरेखोलची खाडी ओलांडून उत्तरेस गेले की शिरोडे लागते. तेथील मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्या काळी वि. स. खांडेकर त्याच शिरोड्यात शाळा चालवीत होते. १९२० पासून १९३८ पर्यंत ते तेथे होते. पुढे १९७४ चे ज्ञानपीठ ज्यांना मिळाले त्या लेखकाची घडण खेड्यातल्या शाळामास्तरच्या तुटपुंज्या पगारावर झाली, ही गोष्ट अकादमीच्या सभासदांनी विसरू नये.

आता ह्या दोन शब्दांतून आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याकडे येतो. मीठ आणि पगार ही केवळ दोन नावे नव्हेत. ते दोन व्यवहार आहेत. मिठाचा व्यवहार कधी संपत नाही. आज खाल्लेल्या मिठाचे ऋण उद्याच्या चाकरीने फिटत नाही, ते नातवंडांवरही राहते. आमचा जुना गावगाडा ह्याच तत्त्वावर चालत असे. बलुतेदाराला सुगीला धान्याचा वाटा मिळे. किती कामाला किती धान्य, याचा हिशेब कोणी मांडीत नसे. आणि त्यामुळेच काम नाकारण्याची सोयही नसे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ह्या व्यवस्थेचे चित्र महाराष्ट्रापुढे ठेवले ते मुळातून पाहण्यासारखे आहे. तीत जिव्हाळा होता, दुष्काळात आसरा होता, हे खरे. परंतु मान खाली घालण्याची सक्तीही होती.

खेड्यातला शिक्षकही ह्याच व्यवस्थेतला. गोव्यात त्याला शेणवीमामा म्हणत. पोर्तुगीज अमदानीत गावकऱ्यांनी वर्गणी काढून, कोणी भात देऊन, कोणी नारळ देऊन त्याला पोसावे आणि त्याने कोणाच्या तरी पडवीत मुलांना बाराखडी व अंक शिकवावे. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर थोडी मोकळीक मिळाली, ठिकठिकाणी खाजगी मराठी शाळा निघाल्या. पण त्यांचा आधारही लोकाश्रय हाच होता. ह्या लोकांनी ज्या परिस्थितीत मराठी जगविली तीबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. परंतु आदरापायी एक गोष्ट झाकून ठेवू नये. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याच्या मुलाला नापास करणे कठीण असते. आणि ज्याच्या घरून काहीच येत नाही त्याच्या मुलाला पडवीच्या कोणत्या पायरीवर बसवावे, हा प्रश्न तर त्याहून कठीण. मिठाने बांधलेला शिक्षक सर्वांचा शिक्षक होऊ शकत नाही.

मुक्तीनंतर १९६३ साली पेडण्यातच जन्मलेले दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. त्या शाळांतील शिक्षकाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. हा पगार मोठा होता असे नव्हे. परंतु तो कोणा एका घरचा नव्हता, म्हणून ज्या घरांतून पूर्वी अक्षर शिरले नव्हते त्या घरांतील मुले पहिल्या बाकावर बसविण्यास शिक्षक मोकळा झाला. 'पगार' शब्दातील 'हिशेब फिटला, आता दोघेही मोकळे' हा जुना लॅटिन अर्थ आमच्या गावांत असा प्रत्यक्ष उतरला. परक्या राज्यकर्त्यांनी आणलेला शब्द त्यांच्या जाण्यानंतर खऱ्या अर्थाने आमच्या उपयोगी पडला.

६

म्हणून ह्या शब्दाला परका म्हणून बाहेर काढण्याची घाई आम्हांस रुचत नाही. भाषाशुद्धीचा आग्रह आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंडिताने राज्यव्यवहारकोश रचिला. विसाव्या शतकात सावरकरांनी चळवळ उभारली. माधवराव पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ साली निघाला. ह्या सर्वांचा हेतू भाषेच्या अभिमानाचा होता, आणि त्यांच्यामुळे कितीतरी चांगले शब्द मराठीला मिळाले. सरकारी कागदावर 'वेतन' आले, तेही योग्यच. तो शब्द कौटिल्याइतका जुना आहे. परंतु 'वेतन' आयोगाचे आणि 'पगार' घरातला, अशी वाटणी लोकांनी आपण होऊन केली आहे. 'पगारवाढ', 'पगारपत्रक', 'भरपगारी रजा' असे समास मराठीने त्याच्याशी निःसंकोच केले. 'बिनपगारी, फुल अधिकारी' ह्या म्हणीत तर हिंदी-फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत असे चारही शेजारी एका ओटीवर बसले आहेत आणि ती म्हण मात्र अस्सल मराठी आहे. ज्या शब्दापासून भाषा म्हणी घडविते तो तिचा झाला, असे समजावे.

एक शंका मात्र राहते, आणि ती शिक्षकांनीच स्वतःशी सोडवावयाची आहे. पगार हा हिशेब मिटविणारा शब्द. मग पगार हाती पडला म्हणजे शिक्षकाचे काम फिटले काय? 'पगारापुरते काम' हा प्रयोगही आपल्याकडे अलीकडे फार ऐकू येतो. ह्याचे उत्तर शब्दाच्या मूळ अर्थातच आहे. 'पाकारे' म्हणजे घेणेकऱ्याला संतुष्ट करणे. सरकार आणि शिक्षक यांच्यात घेणेकरी शिक्षक असतो, आणि महिनाअखेर त्याचे समाधान होते. परंतु वर्गात पाऊल टाकताच घेणेकरी बदलतो. तेथे तो विद्यार्थी असतो, आणि त्याचे घेणे रुपयांत मोजलेले नसते. ते दररोज चुकवावे लागते. मीठ खाल्ल्याची लाचारी गेली हे फार चांगले झाले. तिच्याबरोबर मिठाला जागण्याची वृत्ती मात्र जाऊ नये. फक्त जागावयाचे ते धन्याच्या मिठाला नव्हे, तर समोर बसलेल्या मुलाच्या विश्वासाला.

भाषेच्या तासाला 'परभाषीय शब्द' हा धडा येईल तेव्हा शिक्षकांनी नुसती यादी न देता ह्यांपैकी एका शब्दाचा प्रवास तरी मुलांस नकाशावर दाखवावा : रोम, लिस्बन, वसई, गोवा, आणि मग आपले गाव. शेजारी 'मकर-मगर' आणि 'आकर-आगर' ही जोडी लिहावी. आपली बोली ही कोणत्याही मोठ्या भाषेच्या नियमांनीच चालते, हे खेड्यातल्या मुलास एकदा उमगले म्हणजे त्याच्या मनातील इंग्रजीची भीती आणि आपल्या भाषेविषयीचा संकोच, दोन्ही एकदमच कमी होतात.